आफ्रिकेचं खरं दक्षिण टोक: केप अगुल्हासला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

केप टाउनला गेलेले बरेच पर्यटक केप पॉइंट आणि केप ऑफ गुड होप बघतात आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन आलो असं समजून परततात. ते टोक नैर्ऋत्येचं आहे. खंडाचं दक्षिण टोक म्हणजे केप अगुल्हास. ते तिथून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर आग्नेयेला, ३४ अंश ५० मिनिटे दक्षिण अक्षांशावर आहे. म्हणजे केप पॉइंटपेक्षा जवळजवळ अर्धा अंश, पन्नासेक किलोमीटर, आणखी दक्षिणेला.

निघण्याआधी मनातलं चित्र बदलून घ्या. केप पॉइंटला उंच कडा आहे, खाली उसळणारा समुद्र आहे. अगुल्हासला यातलं काही नाही. सपाट माळ, गुडघाभर उंचीची झुडपं, काळपट खडकांचा बुटका किनारा आणि सतत वाहणारा वारा. कड्याच्या अपेक्षेने येऊन वीस मिनिटांत फोटो काढून निघणाऱ्यांना "एवढंच?" असं वाटतं, आणि त्यात जागेचा काही दोष नाही. ही जागा कळायला एक संध्याकाळ आणि एक सकाळ लागते. म्हणून पहिला सल्ला हाच की इथे एक मुक्काम ठेवा.

कधी जायचं

हा भाग हिवाळी पावसाचा आहे. मे ते ऑगस्ट पाऊस आणि बोचरा गारठा, नोव्हेंबर ते मार्च कोरडा उन्हाळा आणि आग्नेयेचा जोरदार वारा. वारा कुठल्याही महिन्यात चुकत नाही, फक्त दिशा बदलतो. नवख्यांसाठी सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात सगळ्यात चांगली. झुडपं फुललेली असतात आणि सदर्न राइट व्हेल जातीचे देवमासे किनाऱ्याजवळ असतात. डिसेंबरच्या मध्यापासून साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथल्या शाळांना सुट्टी असते. त्या काळात शेजारचं स्ट्राउसबाय गाव माणसांनी फुलून जातं आणि आयत्या वेळी खोली मिळणं कठीण होतं.

दिवसाच्या लांबीचा हिशेब आधीच करा. डिसेंबरमध्ये सूर्य संध्याकाळी आठच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये पावणेसहालाच. केप टाउनहून जाऊन-येऊन सहा तास गाडीतच जातात. जूनमध्ये एका दिवसात परत यायचं ठरवलंत तर टोकावर थोडेच तास मिळतात, नाही तर येताना अंधार.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो. अर्जाची चालू पद्धत त्या वेळी तपासून घ्या. पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं हवीत आणि परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवसांची मुदत शिल्लक हवी.

लोक अडकतात ते पीतज्वराच्या लसीवर. थेट भारतातून गेलात तर लसीचं प्रमाणपत्र लागत नाही. पण विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि तिथला थांबा १२ तासांपेक्षा जास्त असेल, तर लागतं. तिकीट स्वस्त म्हणून लांब थांब्याचं विमान घेतलं आणि प्रमाणपत्र नाही म्हणून विमानात बसू दिलं नाही, असं होऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. म्हणून तिकीट काढण्याआधी थांब्याचे तास मोजा.

गाडी चालवायची असेल तर मूळ वाहन परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ ठेवा. भाड्याच्या गाडीची अनामत रक्कम चालवणाऱ्याच्या नावावरच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही आणि नवऱ्याच्या कार्डवर बायकोच्या नावची गाडी देत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंगमध्येच तसं लिहा. स्वस्त वर्गातल्या गाड्या बहुधा गिअरच्या असतात.

एक छोटी गोष्ट: तिथला जुना सॉकेट तीन जाड गोल पिनांचा असतो, आपल्याकडच्या गीझरच्या किंवा फ्रीजच्या मोठ्या प्लगसारखाच. मोबाइलच्या चार्जरची बारीक पिन त्यात बसत नाही. आपल्याकडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा बारीक-ते-जाड पिनांचा साधा अडॅप्टर न्या, काम होतं.

रस्ता

केप टाउनहून अगुल्हासपर्यंत थेट, रोजची बस नाही. स्वतःची भाड्याची गाडी, चालकासह गाडी किंवा एखादी सहल, एवढेच पर्याय. गाडी डाव्या बाजूने चालते, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्याला सवय करायला वेळ लागत नाही.

एकूण अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर. तीन टप्पे लक्षात ठेवा. पहिला, एन-२ महामार्गाने पूर्वेकडे. सर लोरीज पास हा घाट चढायचा, ग्रॅबो ओलांडायचं, हाऊहूक घाट उतरून कॅलेडनपर्यंत. दुसरा, कॅलेडनला एन-२ सोडून आर-३१६ ने नेपियरमार्गे ब्रेडासडॉर्प. तिसरा, ब्रेडासडॉर्पहून आर-३१९ ने सरळ दक्षिणेला, स्ट्राउसबायमधून ल'अगुल्हास गावात. हे सगळे रस्ते डांबरी आहेत.

घोळ होतो तो नकाशाच्या ॲपमध्ये. 'केप अगुल्हास' हे अख्ख्या नगरपालिका क्षेत्राचंही नाव आहे आणि तिचं मुख्यालय ब्रेडासडॉर्पला आहे. नुसतं नाव टाकलं तर ॲप तुम्हाला टोकाच्या तीसपस्तीस किलोमीटर अलीकडे पोचवून मोकळं होऊ शकतं. 'सदर्नमोस्ट टिप ऑफ आफ्रिका' असं शोधा, किंवा ल'अगुल्हासचं दीपगृह निवडा. दुसरा घोळ, जवळचा मार्ग म्हणून ॲप शेतांमधल्या खडीच्या रस्त्यावर वळवतं. तिथे पृष्ठभागावर आडव्या लाटा पडलेल्या असतात. ८० च्या वेगाने गेलात तर चाकांची पकड सुटते आणि वळणावर गाडी घसरते. खडीवर जावंच लागलं तर ४० ते ६०, अचानक ब्रेक नाही, आणि समोरून गाडी आली की वेग आणखी कमी, कारण उडालेला खडा थेट काचेवर येतो. भाड्याच्या साध्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ बहुतेक वेळा धरलेले नसतात. करारातली ती ओळ वाचूनच सही करा.

तिथल्या रस्त्याच्या काही रीती माहीत असलेल्या बऱ्या. सिग्नलला तिथे 'रोबोट' म्हणतात. कुणी "दुसऱ्या रोबोटला डावीकडे" असं सांगितलं तर गोंधळू नका. चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी असलेल्या चौकात जो आधी येऊन थांबला तो आधी जातो, आणि पूर्ण थांबावं लागतं, चौक रिकामा असला तरी. गावाबाहेर मागून वेगवान गाडी आली की पुढचा चालक डावीकडच्या पिवळ्या रेषेपलीकडे सरकून वाट देतो, आणि पुढे गेलेला दोनतीनदा धोक्याचे दिवे लुकलुकवून आभार मानतो. वळणावर किंवा चढावर मात्र पिवळ्या रेषेपलीकडे जाऊ नका, तिथे पायी चालणारे असतात. वेगमर्यादा महामार्गावर १२०, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर १००, गावात ६०. कॅमेरे आहेत आणि दंड भाड्याच्या कंपनीमार्फत, वर त्यांचं शुल्क लावून, तुमच्या कार्डावर येतो.

पेट्रोल पंपावर कर्मचारीच भरून देतात, काचही पुसतात. त्यांना काही रँड द्यायची पद्धत आहे. कॅलेडन किंवा ब्रेडासडॉर्पला टाकी भरून घ्या.

सुरक्षिततेचं स्पष्ट सांगायचं तर केप टाउन दिवसाउजेडी सोडा. विमानतळाच्या आसपासच्या एन-२ वर विनाकारण थांबू नका, रस्ता ॲपमध्ये आधी लावून घ्या आणि बॅगा डिकीत ठेवा, सीटवर नको. घाट ओलांडला की वातावरण निवांत होतं. पुढे अंधारातली अडचण वेगळी: रस्त्यावर दिवे नाहीत आणि छोटी हरणं आडवी येतात.

कॅलेडननंतरचा पट्टा ओव्हरबर्गचा, गव्हाच्या शेतांचा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मध्ये मध्ये कनोलाची पिवळी शेतं दिसतात. कापलेल्या शेतात निळसर राखाडी, उंच मानेचे पक्षी जोडीने चरताना दिसले तर वेग कमी करा. ते ब्लू क्रेन, दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय पक्षी. जगात सगळ्यात जास्त संख्येने ते याच भागात आहेत.

टोकावर

ल'अगुल्हास हे एका रस्त्याचं गाव. गावाच्या शेवटी डावीकडे समुद्र, उजवीकडे टेकडीच्या पायथ्याशी लाल-पांढरं दीपगृह. तिथून टोकाच्या दगडापर्यंत सुमारे एक किलोमीटर. किनाऱ्याला धरून लाकडी फळ्यांची पायवाट आहे, चालतच जा. चालणं शक्य नसेल तर गाडी पुढे टोकाजवळच्या वाहनतळापर्यंत जाते आणि तिथून थोडंच अंतर उरतं.

गाडी लावताना तिचं तोंड वाऱ्याकडे करा. वारा मागून असेल तर दार उघडताक्षणी हातातून निसटून पुढे फेकलं जातं, बिजागरी वाकते आणि मग दार बंदच होत नाही. मुलांना आतून दार उघडू देऊ नका. दोन्ही बाजूंची दारं एकाच वेळी उघडलीत तर कागद, टोप्या, पावत्या सगळं समुद्रात.

कपड्यांत वारा अडवणारं पातळ जाकीट हवंच, जानेवारीतसुद्धा. छत्री नेऊ नका, पहिल्या मिनिटात उलटते. टोपी गळ्याशी बांधायच्या दोरीची. वाऱ्यामुळे ऊन लागत नाही असं वाटतं आणि तासाभरात चेहरा भाजतो, म्हणून सनस्क्रीन निघतानाच लावा. बूट पकड असलेल्या तळव्याचे.

टोकावर दगडांचा एक छोटा चौथरा आणि त्यावर पाटी आहे, इंग्रजी आणि आफ्रिकान्समध्ये. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला हिंदी महासागर, उजव्या हाताला अटलांटिक. पाण्याच्या रंगात रेघ शोधू नका, ती नसते. इथून जाणारी २० अंश पूर्व रेखांशाची रेषा ही दोन महासागरांची अधिकृत हद्द. माणसांनी आखलेली आहे ती. गरम अगुल्हास प्रवाह आणि थंड बेंग्वेला प्रवाह यांचं मिसळणं अगुल्हास आणि केप पॉइंट यांच्या दरम्यान ऋतूप्रमाणे मागेपुढे होत असतं.

फोटोचं एक गणित आपल्यापेक्षा उलटं आहे. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. पाटीमागे समुद्र ठेवून फोटो काढला की ऊन थेट चेहऱ्यावर पडतं, त्यामुळे चेहरा काळा येत नाही, पण डोळे मात्र बारीक होतात. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर काढा. सुट्टीच्या दिवशी अकरा ते तीन या वेळेत पाटीसमोर रांग असते. सकाळी आठच्या आधी बहुधा कुणी नसतं.

'अगुल्हास' हा पोर्तुगीज शब्द, अर्थ सुया. १५०० च्या सुमारास इथे होकायंत्राची सुई जवळजवळ नेमक्या भौगोलिक उत्तरेकडे रोखलेली असे, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर एकच येत, त्यावरून खलाशांनी दिलेलं हे नाव. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तेव्हापासून सरकलं आहे आणि आज तीच सुई इथे पंचवीसेक अंश पश्चिमेकडे वळते. हे हातात धरून बघता येतं. फोनमधल्या होकायंत्राच्या सेटिंगमध्ये 'खरी उत्तर' चालू-बंद करायचा पर्याय असतो. फोन चौथऱ्यापासून आणि गाडीपासून दूर, आडवा धरा, आधी पर्याय चालू ठेवून अंश बघा, मग बंद करून बघा. काटा डोळ्यांदेखत सरकतो. मुलांबरोबर असाल तर हे नक्की करा. पाटीपेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

खडकांवर उतरायचा मोह आवरा. ओल्या खडकावरचं शेवाळ साबणासारखं असतं, आणि लहान लाटांमागून अचानक एखादी मोठी लाट येते. समुद्राकडे पाठ करून कधीही उभं राहू नका. इथे पोहायचं नाही. पाण्यात उतरायचं असेल तर पाच-सहा किलोमीटर अलीकडे स्ट्राउसबायला जा. तिथली वाळू लांबलचक आहे, पाणी उथळ आणि तुलनेने उबदार. तिथल्या बंदराच्या धक्क्यालगत मोठाले पाकट मासे पायाशी येतात. शांत उभं राहून बघा, शेपटीच्या जवळ हात नेऊ नका. तिच्यावर विषारी काटा असतो.

दीपगृह

१८४९ मध्ये पेटलेलं हे दीपगृह देशातल्या अजून चालू असलेल्या दीपगृहांत दुसरं सर्वांत जुनं. सुरुवातीला दिवा मेंढ्यांच्या शेपटीच्या चरबीवर जळायचा. मऊ चुनखडीची भिंत झिजत गेली म्हणून १९६८ मध्ये ते बंद करावं लागलं, दुरुस्तीनंतर १९८८ मध्ये पुन्हा सुरू झालं. आज त्याचा झोत ५ सेकंदांना एकदा चमकतो आणि ३० सागरी मैलांवरून दिसतो.

वर जायला ७१ पायऱ्या. आकडा लहान वाटतो, पण वरचे टप्पे शिडीसारखे उभे आणि अरुंद आहेत. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून कॅमेरा गळ्यात आणि बॅग खाली. उतरताना शिडीकडे तोंड करूनच उतरा. गुडघेदुखी किंवा उंचीची भीती असणाऱ्यांनी खालचं संग्रहालय बघावं. वारा फार असला किंवा दुरुस्ती चालू असली तर वरचा सज्जा बंद ठेवतात, म्हणून त्या दिवशीची वेळ आधी विचारून घ्या.

हे दीपगृह इथे का हवं होतं ते समजायचं असेल तर ब्रेडासडॉर्पहून २४ किलोमीटरवर, किनाऱ्यावरच्या आर्निस्टन गावी जा. गावाला नाव पडलं ते ३० मे १८१५ ला तिथे फुटलेल्या जहाजावरून. सिलोनहून जखमी सैनिक आणि त्यांची कुटुंबं घेऊन ते इंग्लंडला निघालं होतं. रेखांश नेमका काढायला लागणारं क्रोनोमीटर, म्हणजे अचूक घड्याळ, जहाजावर नव्हतं. वादळात ताफ्यापासून तुटल्यावर कप्तानाने अंदाज बांधला की आपण केप पॉइंट ओलांडला, आणि जहाज उत्तरेकडे वळवलं. प्रत्यक्षात ते अजून अगुल्हासच्याही अलीकडे होतं. ३७२ जण बुडाले, सहा वाचले. एक टोक दुसऱ्याच्या जागी समजण्याची चूक आज पर्यटक करतात ती साधी. तेव्हा तिची किंमत ही होती. ब्रेडासडॉर्पच्या जहाजफुटी संग्रहालयात या आणि अशा अनेक जहाजांचे अवशेष ठेवले आहेत. जाताना तासभर तिथे द्या. आर्निस्टनची समुद्रगुहा बघायची असेल तर फक्त ओहोटीतच जाता येतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मुक्कामाच्या ठिकाणी मिळतं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी आत शिरा आणि पाणी वळायच्या आत बाहेर या.

टोकाच्या पलीकडे

बहुतेक लोक पाटीवरून मागे फिरतात. पश्चिमेकडे स्वीडरस्ट्रांडच्या रस्त्याला आणखी थोडं गेलात की किनाऱ्यालगत मेइशो मारू ३८ या जपानी मासेमारी जहाजाचा गंजलेला सांगाडा दिसतो. ते १९८२ मध्ये इथे रुतलं. दर हिवाळ्यात समुद्र त्याचा थोडा भाग घेऊन जातो. त्यावर चढायचं नाही, पत्रा पायाखाली सरळ फाटतो.

याच पट्ट्यात रास्परपुंटची सुमारे साडेपाच किलोमीटरची गोल पायवाट आहे. दोन तास पुरतात. सावली अजिबात नाही, पाणी माणशी एक लिटर न्या. वाटेवर ओहोटीच्या वेळी किनाऱ्याला दगडांच्या बुटक्या अर्धगोल भिंती दिसतात. भरतीत मासे आत यायचे, ओहोटीत अडकायचे; या किनाऱ्यावरच्या लोकांची मासे धरायची ही जुनी रीत. एकही दगड हलवू नका. पायाखालची झुडपं म्हणजे फाइनबॉस, यातल्या कित्येक जाती या पट्ट्याबाहेर कुठेही उगवत नाहीत, म्हणून वाट सोडू नका आणि फूल तोडू नका. अगुल्हास राष्ट्रीय उद्यान १९९९ मध्ये झालं ते याच माळासाठी.

मुक्काम, जेवण, परतीची वेळ

राहायला उद्यानाचं स्वतःचं अगुल्हास रेस्ट कॅम्प टोकाच्या पश्चिमेला आहे, लाकडी घरं आणि त्यातच स्वयंपाकघर. गावात घरगुती लॉज आहेत. शाकाहारी असाल तर ब्रेडासडॉर्पच्या सुपरमार्केटमधून भाजी, ब्रेड, दूध, चीज घेऊनच पुढे जा. टोकाला मुख्यतः तळलेले मासे, बटाट्याच्या फोडी आणि कालामारी, म्हणजे माकुल, मिळतात. गावातली स्वयंपाकघरं रात्री लवकर बंद होतात, रविवारी दुपारनंतर दुकानंही.

रात्री जेवणानंतर दहा मिनिटं बाहेर उभे राहा. आजूबाजूला दिवे फार कमी, आणि दीपगृहाचा झोत माळावरून, मग समुद्रावरून सरकत जातो.

सकाळी निघण्याआधी पुढची काच साध्या पाण्याने धुवा. रात्रभरात तिच्यावर खाऱ्या दवाचा थर बसतो आणि समोरून ऊन आलं की काहीच दिसत नाही. कोरड्या फडक्याने पुसलात तर मीठ आणि वाळूने ओरखडे पडतात. कॅमेऱ्याची काचही आधी फुंकून, मग ओलसर कापडाने.

त्याच दिवशी केप टाउनहून विमान असेल तर विमानतळ एन-२ वर शहराच्या अलीकडेच लागतो, शहरात शिरावं लागत नाही. पण कामाच्या दिवशी सकाळी सॉमरसेट वेस्टपासून पुढे शहराकडे जाणाऱ्या गाड्यांची कोंडी असते आणि सर लोरीज पासवर कधी धुकं धरतं. आंतरराष्ट्रीय विमानासाठी उड्डाणाच्या सात तास आधी ल'अगुल्हास सोडा: तीन तास रस्ता, एक तास कोंडी आणि धुक्यासाठी, अर्धा तास पेट्रोल भरून गाडी परत करायला, उरलेले विमानतळावर.